उघड्यावरची गाडी

लोखंडाला खरा गंज चढतो तो थंडी सुटताना. अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 20 अंशांच्या खाली मुक्काम ठोकतो, तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते आणि गंजाला लागणारे पाणी बर्फ होऊन निपचित पडलेले असते. मग एखाद्या सकाळी दक्षिणेकडून दमट वारा येतो. हवा काही तासांत सैलावते, पण अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलचे दीडशे किलोहून जड धूड अजून रात्रीच्याच थंडीत असते. उन्हाळ्यात थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा या गाडीला फुटतो. टाकीला, हँडलला, सायलेन्सरला बाहेरून फुटतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत, सिलिंडरच्या भिंतीवर, पॉइंटच्या डबीत आतूनही फुटतो. संध्याकाळी ते पाणी पुन्हा गोठते, आठवड्याने पुन्हा सुटते, आणि वसंत येईपर्यंत हे असे चालत राहते. चाकाच्या आऱ्यांच्या खोबणीत रस्त्यावरचे मीठ राहिले असेल, तर ते हवेतली ओल ओढून घेऊन हेच काम आणखी नेटाने करते. ज्याच्याकडे गॅरेज नाही, आणि 1960च्या दशकातली एखादी ट्रायम्फ किंवा होंडा मात्र आहे, त्याला ऑक्टोबरात एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. वरवर पाहता तो मेकॅनिकचा प्रश्न आहे, मुळात मात्र तो धर्माचा आहे. हे यंत्र आज ना उद्या जाणारच. त्याच्यासाठी दोन दिवस हात काळे करून घेणे आणि पाच महिने जीव टांगणीला लावणे, हा मोह नाही का? सगळे अनित्य आहे असे ज्याने मनापासून मानले, त्याने ती बर्फात तशीच सोडून द्यायला काय हरकत आहे?

माझे म्हणणे असे की अनित्यतेच्या विचारातून हा निष्कर्ष निघतच नाही. निगा राखायची असते ती जाणाऱ्या वस्तूचीच. जी जाणार नाही तिला निगेची गरजच काय? आणि आसक्ती ही निगेचीच अतिरेकी मात्रा आहे, ही आपली समजूतही चुकीची आहे. प्रत्यक्ष कामाला हात घातला की या दोन वृत्ती एकमेकींच्या आड येतात, हे याच गाडीवर दाखवता येते.

आधी पुरावा अशा ठिकाणचा घेऊ, जिथे तो सापडेल अशी अपेक्षा नसते. अनित्यता हा ज्या शिकवणीचा पाया, तिच्याच विनयपिटकात भिक्खूंसाठी पाचित्तिय नावाच्या नियमांची मालिका आहे. तिच्यातला चौदावा नियम कसा घडला त्याची हकीकत अशी. सावत्थीत, हिवाळ्याचे दिवस. भिक्खूंनी ऊन खायला बाजा, चौरंग, गाद्या उघड्यावर मांडल्या. वेळ झाल्याची सूचना आली तसे ते उठून गेले. सामान कुणी उचलले नाही, दुसऱ्याला उचलायला सांगितले नाही, निघतो आहोत असे कुणाच्या कानावरही घातले नाही. सामान भिजले. गोष्ट बुद्धांपर्यंत गेली आणि नियम झाला: संघाचे सामान उघड्यावर मांडले, तर जाताना ते स्वतः उचलावे, दुसऱ्याकडून उचलवावे, नाहीतर निदान कुणाला सांगून तरी जावे, नाहीतर तो दोष. पुढे या नियमाला व्यवहाराची एक सवलतही जोडली गेली. पावसाळ्याचे म्हणून गणलेले महिने सोडून उरलेले आठ महिने सामान मांडवात किंवा झाडाखाली ठेवायला हरकत नाही, फक्त वर कावळे-घारी बसून घाण करणार नाहीत अशी जागा पाहावी. सर्व संस्कार अनित्य आहेत असे सांगणारा गुरू गादीवर कावळ्याची विष्ठा पडू नये म्हणून जागा सुचवतो, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही असे मला वाटते. अनित्यता खरी मानली म्हणून सामान भिजू द्यावे, असे त्या परंपरेत कुणाच्या मनात आले नाही. भिजलेली गादी कुजते, उंदीर-वाळवीच्या तोंडी जाते, आणि पुढच्या भिक्खूला ओल्या जमिनीवर निजावे लागते. वस्तूचा नाश सावकाश आणि ठरलेल्या कारणांनी होतो. म्हणून त्या कारणांना हात घालता येतो. अनित्यतेचा सिद्धांत नीट वाचला तर तो हेच सांगतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खराखुरा आहे. नियम संघाच्या सामानाला लागू होता. स्वतःचे खासगी सामान उघड्यावर टाकून गेल्यास दोष नाही, असे त्याच नियमाच्या विवरणात स्पष्ट म्हटले आहे. मग अंगणातली मोटरसायकल तर सरळसरळ एका माणसाची, त्याच्या नावावर नोंदलेली. तिला हा दाखला कसा लागू पडेल? मला वाटते, हा भेद माझ्या विरोधात जात नाही, उलट तोच मुद्दा नेमका करतो. निगेचे ओझे मालकीमुळे येत नाही. वस्तू आपल्यानंतर दुसऱ्याच्या हाती जायची आहे, यामुळे ते येते. गाडगे महाराज घ्या. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटके मडके. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या आणि त्यातली एक खोली स्वतःची म्हणून ठेवली नाही. गावात शिरले की आधी खराटा चालायचा, कीर्तन मागाहून. अपरिग्रह आणि निगा एकाच माणसात एवढ्या टोकाला नांदू शकतात, तर त्यांच्यात वैर आहे असे म्हणता येणार नाही. जैन परंपरेत उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा अशी केली आहे. म्हणजे दोष वस्तू जवळ असण्यात धरला नाही, तिच्यापायी भान हरपण्यात धरला. साठ वर्षांपूर्वीची मोटरसायकल एका माणसाची आहे असे म्हणताना हेच भान सुटते. कॉव्हेन्ट्रीजवळच्या मेरिडनच्या कारखान्यात ट्रायम्फ बॉनव्हिल घडत होती. तो कारखाना 1983 साली बंद झाला. तिथे ज्यांनी तिचा सिलिंडर बसवला, त्यानंतर ज्यांनी ती चालवली, आणि पुढे कधी जो कोणी ती घेईल, त्या सगळ्यांच्या रांगेत आजचा मालक मधेच कुठेतरी उभा आहे. कागदावर नाव त्याचे आहे, पण गाडीची स्थिती पाहता ती संघाच्या बाजेच्या अधिक जवळ जाते.

आता काम जवळून पाहू, कारण आसक्ती आणि निगा यांच्या वाटा कुठे फुटतात ते तिथेच दिसते. गाडीवर जीव असलेल्या माणसाला पहिली गोष्ट सुचते ती तिला गच्च गुंडाळण्याची. तो प्लास्टिकची ताडपत्री आणतो, दोरीने चहूबाजूंनी आवळतो, जमिनीपर्यंत फट ठेवत नाही. बर्फ आत जात नाही हे खरे. पण खालच्या मातीतून वर आलेली वाफ बाहेर कुठून पडणार? ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाणी धरते, ते टाकीवर ठिबकते, आणि उघड्या वाऱ्यात वाळून गेले असते ते तिथेच मुरत राहते. क्रोमचा मुलामा डोळ्याला काचेसारखा अखंड दिसतो, पण त्यात बारीक भेगा असतात. ओल त्यातून खालच्या निकेलपर्यंत आणि पुढे लोखंडापर्यंत पोचते आणि वर तांबूस पुरळ उठते. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी धरते. जाणकार म्हणून हवा खेळती ठेवणारे कव्हर वापरतो, खालून हातभर मोकळे सोडतो, आणि वर बर्फ साचून कव्हर अंगाला चिकटू नये म्हणून लाकडाचा उतरता सांगाडा उभा करतो. आपल्याकडे कोकणात हे ज्ञान फार जुने आहे. पावसाळ्याच्या तोंडी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात. झाप पाऊस अडवतो, वारा अडवत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी त्याखाली कोरडी राहते ती वारा लागतो म्हणून.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाडी पाच मिनिटे सुरू करून बंद करणारे पुष्कळ. त्यामागे माया असते: बिचारी गारठली असेल, जरा तिचे रक्त फिरू दे. पण एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन नीट तापले, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर धावली, तर ते वाफ होऊन बाहेर जाते. थंडीत पाच मिनिटे जागेवर सुरू ठेवली तर ती वाफ गार सायलेन्सरच्या आत पाणी होऊन बसते, थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि जळण्यातून आलेल्या आम्लांबरोबर मिसळून बेअरिंगांवर काम करू लागते. म्हणजे ज्या मायेने किक मारली तिनेच आतून गंज पेरला. निगा राखणारा वेगळे करतो. थंडीआधी शेवटची फेरी मारून गरम इंजिनातले जुने ऑइल काढतो, कारण आम्ल त्यातच असते, आणि नवे भरतो. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतो. टाकी मात्र काठोकाठ भरतो, म्हणजे आत हवेला आणि तिच्यातल्या ओलीला जागा उरत नाही. पेट्रोल बिनइथेनॉलचे मिळाले तर उत्तम, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते. मिनेसोटात कायद्याने साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालावे लागते, पण जुन्या संग्राह्य गाड्या आणि मोटरसायकली यांच्यासाठी बिनइथेनॉलच्या पेट्रोलची मुभा त्या कायद्यानेच ठेवली आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो, हळूच किक देऊन ते भिंतींना लागू देतो. बॅटरी काढून घरात नेतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही, उतरलेली उणे 10च्या आसपासच गोठून फुटते. गाडी मेन स्टँडवर, स्टँडखाली जाड फळी, कारण बर्फ सुटला की माती मऊ होते आणि रात्रीत गाडी कलंडते. उंदरांना एअर फिल्टरची डबी घरट्यासाठी फार आवडते, म्हणून तिचे तोंड आणि सायलेन्सरचे तोंड ऑइल लावलेल्या चिंध्यांनी बंद करतो. आणि मग तो माणूस कव्हर टाकून घरात जातो, ते मार्चपर्यंत गाडीला हात लावत नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात कठीण आहे. आसक्ती पुन्हा पुन्हा कव्हर उचलून बघते. निगा ज्या दिवशी करायची त्या दिवशी पुरी करते आणि बाजूला होते. गीतेतला कर्म आणि फळ यांचा विचार मला इथे शब्दशः लागू पडताना दिसतो, कारण हिवाळा किती कडक येईल हे त्याच्या हातात नाही आणि तशी त्याची मागणीही नाही.

आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला वाहनांची आणि हत्यारांची पूजा होते. योगायोग असा की मिनेसोटात गाडी हिवाळ्यासाठी झाकायचे दिवस जवळपास तेच. पूजा करताना आपण हँडलला झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो. साखळीला ग्रीस लावायचे मात्र राहून जाते. मी पूजेच्या विरोधात नाही. पण साखळीचे ग्रीस हा त्या पूजेचाच विधी मानला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. समर्थ रामदासांनी प्रपंच नेटका करायला सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असलाच काहीतरी तपशील असणार.

सगळ्यात वजनदार आक्षेप मायावादाचा आहे, आणि तो याच विषयाशी बांधलेला आहे. रॉबर्ट पिर्सिग हा लेखक मिनेसोटातलाच, 1928 साली मिनियापोलिसला जन्मलेला. 1968 साली तो आपल्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून 1966च्या होंडा सुपर हॉकवरून मिनेसोटातून पश्चिमेला कॅलिफोर्नियापर्यंत गेला, आणि त्या प्रवासातून 1974 साली ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक आले. हाच पिर्सिग तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. पुस्तकात तिथला एक प्रसंग आहे. प्राध्यापक जग मिथ्या असल्याचे पुन्हा एकदा समजावत असतात, तेव्हा विद्यार्थी विचारतो की हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्बही मिथ्याच का? प्राध्यापक हसून हो म्हणतात. तो वर्गातून उठतो आणि भारत सोडतो. पुढे त्याने सबंध पुस्तक एका यंत्राच्या देखभालीवर उभारले, ते त्या उत्तराला दिलेले प्रत्युत्तर आहे असे मी समजतो. पण अद्वैताच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण प्राध्यापकांचे उत्तर अर्धेच होते. शांकर विचारात व्यावहारिक सत्तेला स्वतःची जागा आहे. ब्रह्मज्ञान होईपर्यंत तहान पाण्यानेच भागते आणि चटका विस्तवानेच बसतो. गंज ज्या पातळीवर खरा आहे त्याच पातळीवर ऑइलही खरे आहे. गाडी मिथ्या म्हणून तिला ऑइल लावू नये असे म्हणणारा गंजाला मात्र पूर्ण सत्यत्व देऊन बसलेला असतो. वैराग्याच्या नावाने आळसाची जी बाजू घेतली जाते, तिच्यात नेहमी हाच घोटाळा सापडतो: करण्यापुरते जग खोटे, आणि बिघडण्यापुरते खरे.

याहून बारीक प्रश्न मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादात आहे. रथ म्हणजे काय? दांडी रथ नव्हे, आस नव्हे, चाके नव्हेत, सगळी मिळूनही नव्हेत. या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. जुन्या मोटरसायकलींच्या बाजारात हा प्रश्न रोज विचारला जातो. इंजिनाचा नंबर आणि सांगाड्याचा नंबर जुळतो का? टाकी मूळची की नवी? आरे किती वेळा बदलले? कुणी म्हणेल की नागसेनाचे ऐकले तर सांभाळण्यासारखे तिथे काही उरतच नाही. मला ते उलटे दिसते. आत कुठे एखादा अविनाशी गाडीपणा लपलेला असता, तर बर्फाने त्याचे काय वाकडे केले असते? तो नाही, म्हणून सगळा भार भागांच्या परस्पर आधारावर आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, की ‘गाडी’ हे नाव निर्जीव ढिगाऱ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखे उरते. नाव अवलंबून आहे, म्हणून ते ज्यावर अवलंबून आहे ते सांभाळायचे. चमचाभर ऑइल सोडणे म्हणजे त्या आधाराला टेकू देणे होय.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि त्यावर फार हुशारी करता येणार नाही. पिर्सिगची ती होंडा आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. मागे बसलेला ख्रिस 1979 साली सॅन फ्रान्सिस्कोत मारला गेला. लोखंड राहिले आणि मुलगा गेला, तर लोखंडाला एवढे जपण्याला काय अर्थ, असे कुणी विचारले तर मी त्याला खोडून काढणार नाही. माणसाची काळजी सोडून यंत्राची काळजी घेणे हा सरळ अधर्म आहे, आणि घरात आजारी माणूस असताना अंगणातल्या गाडीभोवती घुटमळणारा मूर्च्छेतच आहे. पण नेहमी या दोन काळज्या एकमेकींचा वाटा खातात असे नाही. हिवाळ्याआधीचे काम दोन दिवसांचे असते, आणि आधीपासून पाहणे, खरे कारण शोधणे, स्वतःच्या मायेवर अविश्वास ठेवणे, वेळेवर हात काढून घेणे हे सगळे त्या दोन दिवसांत हाताला वळण लावते. तेच हात पुढे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलतात. उगाच पांघरुणावर पांघरूण घालून माणसाला घामाघूम करणारी माया ताडपत्री आवळणाऱ्या मायेची सख्खी बहीण आहे. आणि गाडी संग्रहालयाला देऊन टाकावी हा तोडगाही सगळ्यांना लागू होत नाही. तिथे गाडी छपराखाली राहते, पण तिला कुणी किक मारत नाही. रस्त्यावर चालण्यासाठी घडलेली वस्तू अंगणात, कव्हराखाली, एप्रिलच्या भरवशावर उभी राहते, यात तिचा अपमान मला दिसत नाही.

बौद्ध नियमाने तीन वाटा दिल्या होत्या: स्वतः उचल, दुसऱ्याकडून उचलव, नाहीतर सांगून जा. ज्याला छप्पर नाही त्याला पहिल्या दोन्ही बंद असतात. जुने मेकॅनिक अशा वेळी एक पुठ्ठ्याचा तुकडा घेतात, त्यावर पक्क्या शाईने लिहितात आणि तारेने हँडलला बांधतात. दोन्ही सायलेन्सरमध्ये चिंध्या आहेत. वाटी रिकामी केली आहे, नळी बंद आहे. सिलिंडरमध्ये ऑइल आहे. प्लग काढून आधी मोकळी किक मारणे. बॅटरी घरात, जिन्याखाली. चिठ्ठीवर कुणाचे नाव नसते, कारण एप्रिलमध्ये कव्हर काढणारा कोण असेल हे लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते. तो स्वतः असेल, त्याची मुलगी असेल, गाडी विकत घ्यायला आलेला परका माणूस असेल. अक्षर मोठे असते, आणि पावसात फुटू नये म्हणून वर मेण फिरवलेले असते.